टेप खरेदी दाखवतो आणि डॉलर खाली येतो: बिघाड कुठे शोधायचा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब आणि डॉलर सांभाळतो. माल बाहेर जातो, बिल डॉलरमध्ये होतं आणि पैसे साठ-नव्वद दिवसांनी येतात. म्हणून येणारे डॉलर आधीच वायद्यात, म्हणजे पुढच्या तारखेच्या करारात आज ठरलेल्या भावाने, विकून ठेवायचे, हे माझं काम. एनएसईवर डॉलर-रुपयाचा वायदा २९ ऑगस्ट २००८ ला सुरू झाला, त्यानंतर तीनेक वर्षांनी मी त्या स्क्रीनसमोर बसलो. विकायचे तर आहेतच, पण कोणत्या मिनिटाला विकायचे हे ठरवायला मी डेप्थ बघतो, म्हणजे रांगेत उभ्या असलेल्या ऑर्डरी. आणि टेप बघतो, म्हणजे झालेल्या सौद्यांची धावती यादी.

या कामात एकच बिघाड परत परत येतो. आधी माझ्या स्क्रीनवर यायचा, आता ओळखीच्या कारखानदारांचे फोन येतात. शेजारच्या गाळ्यातले काका चादरी पाठवतात. त्यांचा फोन जवळपास शब्दशः असा होता: "अरे, सगळं हिरवंगार दिसतंय, घेणारे तुटून पडलेत. म्हटलं अजून चढेल, म्हणून विकायचा थांबलो. आणि डॉलर चार पैसे खाली! हा काय प्रकार?" त्यांना दोनशे लॉट विकायचे होते. लॉट हजार डॉलरचा, म्हणजे दोन लाख डॉलरवर चार पैसे. आठ हजार रुपये गेले.

प्रत्येक वेळी माणूस येतो तो "मला टेप वाचता येत नाही" असं म्हणत. बहुतेक वेळा त्याचं वाचन ठीक असतं. त्याच्यासमोर टेप म्हणून जे पळत असतं, ते भलतंच काहीतरी असतं.

लक्षणं

खालच्यापैकी दोन-तीन जुळत असतील तर पुढे वाचा.

- डेल्टा (समोरच्याच्या भावाला जाऊन केलेल्या, म्हणजे आक्रमक, खरेदीतून तशीच विक्री वजा केल्यावर उरणारा आकडा) सकाळपासून चढतोय, भाव जागचा हलत नाही किंवा उलट उतरतो.
- तुमच्या आणि मित्राच्या स्क्रीनवर एकाच वायद्याचा, एकाच वेळेचा फूटप्रिंट (कोणत्या भावाला किती खरेदी-विक्री झाली याचा चार्ट) वेगळा दिसतो.
- मध्येच एखादा अवाढव्य सौदा दिसतो, आठ-नऊशे लॉटचा, आणि त्याचा भावावर काहीच परिणाम होत नाही.
- टेपवर एकही सौदा नाही, तरी भाव दोन पैसे सरकून बसतो.
- डेप्थमधली मोठी ऑर्डर भाव जवळ आला की गायब होते. किंवा उलट: कितीही खाल्ली तरी संपत नाही.
- हे सगळं महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, आणि दुपारी साडेअकरा ते साडेबारा या वेळात, जास्त होतं.

आता तपासण्या. फुकटच्या आधी, खर्चाच्या नंतर. क्रम मोडू नका. मी एकदा मोडला होता आणि महागड्या टर्मिनलची वर्गणी भरल्यावर कळलं की चार्ट चुकीच्या महिन्याचा लावलेला होता.

आधी: तुम्ही या बाजारात असायला हवं का?

याला दोन मिनिटं लागतात आणि पैसे शून्य. रिझर्व्ह बँकेने ५ जानेवारी २०२४ ला परिपत्रक काढलं, एप्रिलची मुदत पुढे ढकलली आणि ३ मे २०२४ पासून नियम लागू झाला. एक्स्चेंजवर रुपयाचा वायदा घ्यायचा किंवा विकायचा तर त्यामागे परकीय चलनाची खरी देणी-घेणी हवीत. दहा कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवायला लागत नाहीत. असायला मात्र लागतात.

तुमच्याकडे निर्यातीचं बिल नाही, आयातीचं देणं नाही, डॉलरचं कर्ज नाही, आणि तुम्ही फक्त पाव-पाव पैसा कमवायला आला असाल, तर पुढच्या तपासण्यांची गरजच नाही. टर्मिनल बंद करा. हे कटू वाटेल, पण याचा आपल्या बिघाडाशीही संबंध आहे. त्या नियमानंतर हौशी आणि सट्टेवाले बाहेर पडले आणि उलाढाल कोसळली. आज टेपवर जी गर्दी दिसते ती २०२२ मधली गर्दी नव्हे.

महिना कोणता लागलाय?

दहातले तीन-चार फोन इथेच मिटतात. वायदा संपतो तो महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसाच्या दोन कामकाजी दिवस आधी, दुपारी साडेबाराला. लोकांच्या डोक्यात "महिनाअखेर" असते, म्हणून ते दोन दिवस गाफील राहतात. त्यात काही सॉफ्टवेअर चार्ट आपोआप पुढच्या महिन्यावर नेतात, डेप्थची खिडकी मात्र जुन्याच महिन्यावर राहते. मग एका खिडकीत एक वायदा, दुसरीत दुसरा. दोन्ही खिडक्यांतला शेवटचा भाव शेजारी-शेजारी वाचा. दहा-पंधरा पैशांचा फरक दिसला की चोर सापडला.

महिना बरोबर असला तरी शेवटचे तीन-चार दिवस जवळच्या महिन्याचा टेप फसवा असतो. माझंच उदाहरण घ्या. मी चालू महिन्याचे डॉलर विकून बसलोय, बिलाचे पैसे लांबले, म्हणून मी चालू महिन्यात परत घेतो आणि पुढच्या महिन्यात विकतो. डॉलरविषयी माझं मत काडीचंही बदललेलं नाही. पण चालू महिन्याच्या टेपवर माझी खरेदी हिरवी दिसते. माझ्यासारखे पन्नास निर्यातदार तेच करत असतील तर टेप हिरवागार होतो आणि भाव मख्ख राहतो. आयातदार नेमकं उलटं करतात.

त्या दिवसांत चालू महिन्याचा डेल्टा बघणं सोडा. पुढच्या महिन्याचा बघा, किंवा कोणताच बघू नका. काकांचा बिघाड निम्मा हाच होता. तारीख २४ होती.

घड्याळ

रुपयाचा संदर्भ दर, म्हणजे त्या दिवसाचा अधिकृत भाव, पूर्वी रिझर्व्ह बँक काढायची. जुलै २०१८ पासून एफबीआयएल (फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही कंपनी) काढते. सकाळी ११.३० ते दुपारी १२.३० या तासातली पंधरा मिनिटं यादृच्छिक पद्धतीने निवडली जातात, त्या वेळातल्या खऱ्या आंतरबँक सौद्यांवरून दर ठरतो आणि दीडच्या सुमारास जाहीर होतो. वायद्याचा शेवटचा हिशेबही याच दराने होतो.

याचा अर्थ असा की या तासात कित्येक जण भाव बघून सौदा करतच नाहीत. त्यांना संदर्भ दराच्या जवळ भाव मिळाला की पुरे असतो. कंपनीच्या खजिनदाराने बँकेला "आजच्या संदर्भ दराने दे" म्हणून सांगितलेलं असतं. अशी ऑर्डर भाव चढला म्हणून थांबत नाही आणि पडला म्हणून घाई करत नाही. ती टेपवर घाईची खरेदी दिसते आणि १२.३० ला नळ बंद केल्यासारखी थांबते. सवय म्हणून मी ११.३० ते १२.३५ डेल्टाची खिडकी मिटून ठेवतो. शेजारी चहावाला त्याच वेळी येतो, हा योगायोग बरा आहे.

दुसरी वेळ सकाळची. आपला बाजार नऊ ते पाच. अमेरिकेतले नोकऱ्यांचे आकडे आपल्याकडे संध्याकाळी सहाला येतात, त्यांच्या हिवाळ्यात सातला. म्हणजे बाजार मिटल्यावर. सिंगापूर, लंडन, दुबईत रुपयाचे बिनपोचीचे सौदे (प्रत्यक्ष रुपये न देता-घेता फक्त भावातला फरक चुकता करायचे) रात्रभर चालतात आणि आपण नऊला उघडतो तेव्हा भाव आधीच सरकलेला असतो. पहिल्या दहा मिनिटांचा टेप रात्रीचं उरलेलं आवरत असतो. त्यात नव्या दिवसाची दिशा शोधू नका.

फीड: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

बाकी कुठेही नाही इतका घोळ इथे असतो, आणि याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

किरकोळ ग्राहकाला ब्रोकरकडून मिळणारं फीड, म्हणजे स्क्रीनवर येत राहणारी भावांची माहिती, ही प्रत्येक सौद्याची नोंद नसते. ते फोटो असतात. सेकंदाला एखादा, कधी त्याहून थोडे जास्त. प्रत्येक फोटोत शेवटचा भाव, दिवसाची एकूण उलाढाल आणि दोन्ही बाजूंच्या पाच-पाच ओळी. दोन फोटोंच्या मध्ये काय झालं ते फोटोत नसतं. सॉफ्टवेअर मग दोन उलाढालींची वजाबाकी करतं आणि ती सगळी शेवटच्या भावाच्या माथी मारतं.

एक सेकंद उघडून बघू. घेणाऱ्यांची वरची ओळ ८५.७४००, विकणाऱ्यांची ८५.७४२५. मधला फरक पाव पैसा, म्हणजे लॉटमागे अडीच रुपये. या सेकंदात प्रत्यक्षात असं घडलं: कुणीतरी ८५.७४०० ला २० लॉट विकले, लगेच दुसऱ्याने तिथेच ३५ विकले, आणि अगदी शेवटी एकाने ८५.७४२५ ला ५ लॉट उचलले. खरा डेल्टा उणे ५०. आता फोटो निघाला. शेवटचा भाव ८५.७४२५, उलाढाल ६० ने वाढली. सॉफ्टवेअर म्हणतं, सौदा विकणाऱ्याच्या भावाला झाला, म्हणजे ६० लॉटची खरेदी. अधिक ६०. विक्रीचा सेकंद खरेदीचा झाला. दिवसभर असे हजारो सेकंद जमतात, आणि त्या बेरजेला आपण "ऑर्डर फ्लो" म्हणतो.

तुमचं फीड फोटोचं आहे का, हे कुणालाही न विचारता कळतं:

- सौद्यांची यादी धावत्या बाजारात एक मिनिट बघा. कितीही गडबड असली तरी यादी एका ठरावीक वेगापुढे कधीच जात नसेल, मिनिटाला साठेक ओळी, तर ते फोटो आहेत.
- इंटरनेटची वायर दहा सेकंद काढून परत लावा. परत जोडल्यावर एक राक्षसी सौदा उमटला, तर ती दहा सेकंदांची सगळी उलाढाल एका ओळीत आली. लक्षणांत सांगितलेला आठ-नऊशे लॉटचा "बडा माणूस" बहुतेक वेळा हाच असतो. लोक त्याच्या मागे धावतात, आणि तो त्यांच्याच वायफायने जन्माला घातलेला असतो.
- मित्राच्या स्क्रीनशी डेल्टा ताडून बघताना दोघांनी लॉगिन किती वाजता केलं ते विचारा. बरीच सॉफ्टवेअर लॉगिनपासून मोजायला सुरुवात करतात. तो नऊला बसला, तुम्ही साडेनऊला, तर आकडे जुळणारच नाहीत.

मग लोक विचारतात, ते व्हिडिओत तर इतकं सुंदर चालतं! चालतं, कारण ते व्हिडिओ बहुतेक शिकागोच्या सीएमई या एक्स्चेंजवरच्या युरोच्या वायद्याचे असतात. सव्वा लाख युरोचा एक करार, किमान चढ-उतार सव्वासहा डॉलर, आणि महत्त्वाचं म्हणजे तिथल्या फीडमध्ये पुढाकार खरेदी करणाऱ्याचा होता की विकणाऱ्याचा, हे एक्स्चेंज स्वतः सांगतं. आपल्याकडे किरकोळ स्क्रीनवरचं सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. न्यू जर्सीत बसलेल्या माझ्या मावसभावाला ती पद्धत जमते आणि मला सोलापुरात जमत नाही, यात बुद्धीचा प्रश्न नाही. (आणि इथे बसून तिकडे खेळायचा विचार असेल तर परदेशी एक्स्चेंजच्या मार्जिनसाठी (अनामतीसाठी) पैसे पाठवायला एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, परवानगी नाही. विषय संपला.)

सौद्या-सौद्याचं पूर्ण फीड एनएसई देतं. त्यात कोणत्या ऑर्डरची गाठ कोणत्या ऑर्डरशी पडली हे असतं, त्यामुळे रांगेत आधीपासून कोण उभं होतं आणि चालून कोण आलं हे काढता येतं. पण ती सोय एक्स्चेंजच्या आवारात सर्व्हर ठेवणाऱ्यांसाठी आहे. टॉवेलवाल्याला तो खर्च परवडत नाही आणि गरजही नाही.

फोटोच्या फीडवर मी काय करतो? सेकंदाचा फूटप्रिंट फेकून दिला. पाच मिनिटांची उलाढाल बघतो, आणि त्या पाच मिनिटांत भाव किती हलला ते बघतो. उलाढाल खूप आणि हालचाल नाही, तर तिथे कुणीतरी उभं आहे. उलाढाल थोडी आणि भाव सुसाट, तर समोर कुणीच नाही. एवढं फोटोतून खात्रीने कळतं. बाकी नक्षी आहे.

"मोठा सौदा" किती लॉटचा?

छोटी तपासणी. बऱ्याच जणांच्या स्क्रीनवर मोठ्या सौद्याची चाळणी २०२४ च्या नियमाआधी लावलेली आहे आणि विसरलेली आहे. उलाढाल आटल्यावर त्या चाळणीत काही अडकतच नाही. किंवा फोटोच्या फीडमुळे नको ते अडकतं. गेल्या दहा दिवसांच्या नोंदी काढा, सौदे लहान-मोठे लावा, वरच्या पाच टक्क्यांना मोठं म्हणा. दर महिन्याला परत. आणि हेही बघा की तोच वायदा बीएसईवरही चालतो. तुमच्या टेपवर निम्मी गोष्ट येत असेल तर उरलेली निम्मी तिकडे आहे.

हजर भावाशी अंतर

वरचं सगळं धुऊन-पुसून झालं तरी बिघाड राहिला, तर आता मुळाशी जायचं. ही तपासणी डोकं खाते, पण सगळ्यात जास्त पैसे मला हिनेच वाचवून दिलेत.

रुपयाचा भाव वायद्याच्या स्क्रीनवर ठरत नाही. बँकाबँकांच्या हजर बाजारात (जिथे डॉलर लगेच दिले-घेतले जातात) ठरतो आणि रात्री परदेशात. वायदा त्याच्या मागे दोरीने बांधलेला असतो आणि दोरीची लांबी म्हणजे प्रीमियम. समजा हजर भाव ८५.५० आणि वर्षाचा प्रीमियम दोन टक्के. महिन्याचा साधारण १४ पैसे. म्हणजे महिनाभर लांबचा वायदा ८५.६४ च्या आसपास असायला हवा.

आता एखाद्या आयातदाराने घाबरून वायद्यात मोठी खरेदी केली आणि भाव ८५.६६ ला नेला. टेप हिरवा, डेल्टा वर. पण ज्याच्याकडे दोन्ही बाजार आहेत असा कुणीतरी त्याच क्षणी वायदा विकतो, हजर डॉलर घेतो आणि मधले दोन पैसे खिशात टाकतो. त्याला डॉलर चढेल की पडेल याच्याशी देणंघेणं नाही. वायद्यातली ती सगळी भूक त्याने उचलून हजर बाजारात नेऊन ओतली, आणि तो समुद्र इतका मोठा की लाटही उठत नाही. भाव परत ८५.६४. "घेणारे एवढे, मग भाव का नाही चढला" याचं उत्तर हे आहे. समोरचा कुणी "बडा मंदीवाला" नव्हता, एक हमाल होता.

म्हणून टेपच्या आधी अंतर बघायचं.

अंतर तेवढंच आणि भाव हलतोय, तर हजर बाजार हलतोय. टेप मागून येतोय. सौदा न होता भाव दोन पैसे सरकतो तो असाच: हजर भाव बदलला, यंत्रांनी दोन्ही बाजूंच्या ऑर्डरी उचलून दुसरीकडे लावल्या. "ऑर्डर भाव जवळ आल्यावर पळाली" यातही निम्म्या वेळा कपट नसतं, हेच असतं.

अंतर वाढतंय आणि टेप हिरवा आहे, तर वायद्यात खरी भूक आहे. पण ती टिकत नाही, दोन-पाच मिनिटांत अंतर परत येतं. घेणारा इथे चढत्या गाडीत उडी मारतो आणि अडकतो. माझ्यासारख्या विकणाऱ्याने मात्र नेमकं तेव्हाच विकायचं, कारण कुणीतरी मला हक्काच्या १४ पैशांऐवजी १६ देतोय. काकांनी त्या हिरव्यागार मिनिटाला थांबायच्या ऐवजी विकले असते तर आठ हजार वाचले असते. टेपचा मला जो उपयोग होतो तो एवढाच, आणि तो पुरेसा आहे.

अंतर आक्रसलंय, तर विकणाऱ्याने चहा घ्यावा.

अडचण अशी की हजर भाव पैशापर्यंत बरोबर आणि तत्काळ फुकट दिसत नाही. फुकट संकेतस्थळांवरचा आकडा मागे असतो, त्यावर दोन पैशांचं अंतर मोजणं म्हणजे किराणा दुकानाच्या काट्यावर सोनं तोलणं. बँकेच्या डीलिंग रूमशी ओळख असेल तर फोन करा. नसेल तर गरिबाची युक्ती: चालू आणि पुढच्या महिन्याचा वायदा शेजारी लावा. दोन्ही एकत्र हलले तर हजर भाव हलला. एकच हलला तर त्या महिन्यापुरती कुणाची तरी घाई आहे, किंवा रोलओव्हर, म्हणजे सौदा पुढच्या महिन्यावर ढकलणं. दहात आठ वेळा एवढ्याने भागतं.

न संपणारी भिंत

८५.७४५० ला विकणारे ४०० लॉट. साठ गेले, परत ४००. शंभर गेले, परत ४००. अर्धा तास. हे एखाद्या यंत्राचं पुनर्भरण असू शकतं, निर्यातदाराची मोठी ऑर्डर असू शकते, आणि हजर बाजारातही तोच भाव अडून बसला असेल तर सरकारी बँकांमार्फत रिझर्व्ह बँक डॉलर विकत असण्याची शक्यता धरावी. स्क्रीनवर नाव लिहिलेलं नसतं. कुणी खात्रीने सांगत असेल तर तो अंदाजच करतोय.

भिंत कुणाची हे शोधण्यापेक्षा दोन गोष्टी पाळा. भिंतीवर डोकं आपटत घेऊ नका. आणि भिंत आहे म्हणून कायमची आहे, असं धरून विकायचं पुढे ढकलू नका किंवा गरजेपेक्षा जास्त विकू नका. रुपयाने २०२३ मध्ये महिनोन्‌महिने ८२ ते ८३.४० च्या पट्ट्यात झोप काढली, लोकांना वाटलं हाच स्वभाव. १९ डिसेंबर २०२४ ला ८५ ओलांडले. १० फेब्रुवारी २०२५ ला डॉलर ८७.९५ पर्यंत गेला, आणि दुसऱ्याच दिवशी ८७ च्या खाली बंद झाला. त्या सोमवारी दुपारी ज्यांनी टेपवर "अजून घेणारे आहेत" म्हणत विक्री थांबवली होती, ते मंगळवारी माझ्याकडे आले. त्यांना टेप दुरुस्त करून हवा होता.

खर्चाचा विसर

कधी कधी टेप बरोबर असतो, तुम्हीही बरोबर असता, आणि तरी पैसे जातात. दहा लॉटवर पाव पैसा म्हणजे २५ रुपये. सौद्याला २० रुपये दलाली धरली तर जाऊन-येऊन ४०, वर १८ टक्के जीएसटी, झाले ४७ रुपये २० पैसे. म्हणजे पाव-पाव पैशाचे जवळपास दोन टप्पे निव्वळ दलालीत. त्यात उतावीळपणे समोरच्याच्या भावाला घेतलं तर आणखी एक. अशा बाजारात आत-बाहेर करणाऱ्याला टेप वाचून उपयोग नाही. बिलापोटी एकदाच विकायचं असेल तर हा खर्च नगण्य आहे, आणि रांगेत शांतपणे उभं राहिलं तर तो पाव पैसाही वाचतो.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

स्वतः खोलून बसू नये अशा जागा आहेत.

तुमच्या विकलेल्या लॉटची बेरीज हातातल्या बिलांपेक्षा जास्त झाली असेल, किंवा निर्यातदार असून तुम्ही घेऊन बसला असाल, तर टेपचा प्रश्न उरलेलाच नाही. नवी ऑर्डर टाकू नका. बँकेच्या परकीय चलन शाखेत जा आणि फेमाचं (परकीय चलन कायद्याचं) काम करणाऱ्या सीएला त्याच दिवशी बिलं आणि उघडे सौदे शेजारी ठेवून दाखवा. ब्रोकरच्या विक्री प्रतिनिधीला विचारू नका, त्याला सौदा हवा असतो.

तुमचा सौदा ज्या भावाला झाला असं ब्रोकरची काँट्रॅक्ट नोट (सौद्याची पावती) म्हणते, तो भाव त्या मिनिटाला बाजारात झालेलाच दिसत नसेल, तर फोनवर वाद घालू नका. फोटोच्या फीडमध्ये तो निसटलेला असू शकतो, म्हणून आधी एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर सौदा पडताळा. तिथेही नसेल तर ब्रोकरला लेखी कळवा, मग एक्स्चेंजच्या गुंतवणूकदार कक्षाकडे आणि सेबीच्या स्कोअर्स या तक्रारींच्या संकेतस्थळावर तक्रार करा.

तुमचं खातं "आम्ही ऑर्डर फ्लोवर चालवून देतो" म्हणणारा भेटला, किंवा युरो-डॉलर शंभरपट उधारीवर देणारं ॲप हाती आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या सावधगिरीच्या यादीत नाव बघा. नाव यादीत नाही म्हणजे परवाना आहे असंही नव्हे. पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर फोन, तोही तासाभरात.

आणि महिन्याला चार-पाच बिलं, तीही लहान, असतील तर मुळात वायद्याची स्क्रीन हवी का हेही बँकेला विचारा. बँकेत फॉरवर्ड (पुढच्या तारखेचा भाव आजच पक्का करायचा करार) करता येतो, आणि ऑगस्ट २०१९ पासून सीसीआयएलच्या (क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या) एफएक्स-रिटेल या ऑनलाइन मंचावर लहान ग्राहकालाही डॉलरचा भाव समोर दिसतो. काकांनी गेल्या दिवाळीनंतर तेच केलं. फूटप्रिंटची वर्गणी बंद केली, दोनशे लॉट एकदम विकायचे ते आता पन्नास-पन्नासचे चार भाग करतात, त्यातले तीन बँकेत आणि एक वायद्यात. तो एक टाकायचा असला की अजून फोन येतो. मी विचारतो, महिना कोणता लागलाय?